विमानाचे उतरणे

पक्षी उडाला म्हणजे आपण मान वर करून त्याजकडे पाहतो. परंतु तोच पक्षी फांदीवर बसावयास येतो तेव्हा पंख कसे आडवे धरतो, शेपटी कशी पसरतो आणि पाय कसे पुढे करतो, इकडे लक्ष देणारा विरळाच. आमच्या शाळेतील मुले मधल्या सुट्टीत कागदाची विमाने उडवितात. कोणाचे विमान अधिक दूर गेले यावर पैजा लागतात, भांडणेही होतात. परंतु कोणाचे विमान नीट उतरले यावर पैज लागल्याचे आमच्या पाहण्यात अद्याप आलेले नाही. खऱ्या विमानांच्या बाबतीतही लोकांचे कुतूहल असेच एकांगी असते. वस्तुतः विमानविद्येतील पुष्कळशी बुद्धी, पुष्कळसे नियम आणि दुर्दैवाने पुष्कळसे अपघात हे सारे भूमीच्या जवळच असतात.

आमच्या आटपाडीस विमानतळ नाही. तथापि आकाशाकडे पाहणे ही माणदेशातील लोकांची पिढीजात सवय आहे. पूर्वी ती पावसासाठी होती. पुढे टेंभूचे पाणी आले, माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, तरी सवय काही गेली नाही. त्यातच बारामतीस वैमानिकी शिकविणाऱ्या शाळा निघाल्या, आणि त्यांचे एखादे लहानसे विमान केव्हा तरी घरघर करीत आमच्या बाजूस येऊ लागले. असे विमान आले म्हणजे वर्गातील पन्नास माना एकदम खिडकीकडे वळतात. तेवढा वेळ व्याकरण बाजूस ठेवावे लागते. त्याबद्दल आम्ही आजवर कोणास शिक्षा केलेली नाही, कारण पहिली मान बहुधा आमचीच वळलेली असते.

बारामती येथून सरळ रेषेत सुमारे नव्वद किलोमीटरांवर आहे. २८ जानेवारी २०२६ रोजी, बुधवारी सकाळी तेथे जे घडले ते वाचकांस ठाऊकच आहे. महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री श्री. अजित पवार हे जिल्हा परिषदांच्या निवडणुकीच्या प्रचारसभांसाठी मुंबईहून बारामतीस निघाले होते. विमान लिअरजेट ४५ जातीचे, दोन इंजिनांचे, आठ-नऊ माणसे बसतील एवढे. बारामतीच्या धावपट्टीजवळ उतरण्याच्या प्रयत्नात ते कोसळले व पेटले. पवार, त्यांचे अंगरक्षक, विमानातील सेविका आणि दोघे वैमानिक अशी पाचही माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या दिवशी बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या मैदानावर शासकीय इतमामाने पवारांवर अंत्यसंस्कार झाले. भल्या पहाटे कामास लागणारा व वेळ कसोशीने पाळणारा पुढारी अशी त्यांची ख्याती होती. राजकारणात त्यांच्या बाजूचे कोण व विरुद्ध कोण, हा भेद त्या दिवशी आमच्या गावात तरी कोणी केल्याचे आम्हांस दिसले नाही.

शाळा भरण्यापूर्वीच बातमी पटांगणात येऊन पोहोचली होती. मुले शिपायाच्या हातातील फोनभोवती गोळा झाली होती. सायंकाळपर्यंत गावात प्रत्येकापाशी अपघाताचे एकेक कारण तयार झाले. कोणी म्हणे इंजिन बंद पडले, कोणी म्हणे धुके, कोणी आणखी काही कुजबुजे. बसस्थानकाजवळच्या चहाच्या दुकानात तर आम्हांस एक गृहस्थ असे भेटले की, त्यांनी विमान कधी जवळून पाहिलेले नव्हते, परंतु वैमानिकाने कोणती कळ दाबावयास हवी होती हे ते निश्चितपणे सांगत होते. दुःखाच्या वेळी मनुष्यास कारणाची तहान लागते हे खरे. परंतु तहान लागली म्हणून दिसेल ते पाणी पिऊ नये, हे माणदेशात कोणास शिकविण्याची गरज नसावी. अपघाताची चौकशी विमान अपघात अन्वेषण ब्यूरोकडे गेली. कारण ठरविणे हे त्या तज्ज्ञांचे काम होय. आम्ही या लेखात कारण सांगणार नाही. जे नोंदले गेले आणि जे सर्वमान्य विज्ञान आहे तेवढ्याचाच विचार करू.

अशा चौकशीचा मुख्य आधार म्हणजे ज्यास लोक 'काळी पेटी' म्हणतात ती. ती वास्तविक काळी नसते. ढिगाऱ्यात सापडावी म्हणून तिला भडक नारिंगी रंग देतात. तिची हकिकत मुलांस ठाऊक असावी अशी आहे. १९३४ साली ऑस्ट्रेलियात 'मिस होबार्ट' नावाचे विमान समुद्रावर नाहीसे झाले. त्यात डेव्हिड वॉरन नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाचे वडील होते. त्यांनी मुलास शेवटची भेट दिली होती ती एका क्रिस्टल रेडिओची. मुलगा त्या रेडिओशी खेळता खेळता मोठा झाला, रसायनशास्त्रज्ञ झाला, आणि १९५० नंतरच्या दशकात विमानातील बोलणे व यंत्रांची मापे टिपून ठेवणारे यंत्र त्याने सुचविले व तयारही केले. प्रारंभी त्याच्याच देशात त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे साऱ्या जगातील मोठ्या विमानांत ते सक्तीचे झाले. चौकशीचा हेतू अपराध्यास फासावर चढविणे हा नसून तसा अपघात पुन्हा न व्हावा हा असतो, असा आंतरराष्ट्रीय करारच आहे. हे आमच्या चहाच्या दुकानातील गृहस्थांस सांगितले असता ते म्हणाले, "मग चौकशीचा उपयोग काय?" असो.

आता नोंदले गेले आहे ते असे. बारामतीचे विमानतळ लहान. मुंबई-पुण्याप्रमाणे तेथे सरकारी नियंत्रक बसत नसत. त्या दिवशी मनोऱ्यातून माहिती देण्याचे काम तेथील वैमानिकी शाळांची माणसे करीत होती. विमानाने वारा व दृश्यता विचारली. वारा शांत, दृश्यता सुमारे ३००० मीटर, असे उत्तर मिळाले. विमान पूर्वेकडे तोंड करून उतरावयाच्या धावपट्टीच्या रोखाने आले. परंतु धावपट्टी दिसत नाही असे वैमानिकांनी कळविले, आणि न उतरता ते पुन्हा वर निघून गेले. फेरी घेऊन ते दुसऱ्यांदा आले. प्रथम, धावपट्टी अद्याप दिसत नाही, दिसताच सांगतो, असे ते म्हणाले. काही सेकंदांनी, दिसली, असे कळविले. आठ वाजून त्रेचाळीस मिनिटांनी उतरण्याची परवानगी देण्यात आली. तीस प्रत्युत्तर आले नाही. आठ चव्वेचाळीसला धावपट्टीच्या टोकाशी मनोऱ्यातून ज्वाळा दिसल्या.

तीन हजार मीटर म्हणजे पुष्कळ झाले, असे आमच्या दहावीच्या वर्गास वाटले. आटपाडीच्या एका टोकापासून दुसरे टोक दिसल्यासारखेच ते. म्हणून आम्ही फळ्यावर गणित मांडले. या जातीचे विमान उतरण्याच्या वेळी समजा ताशी २२५ किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे सेकंदास साडेबासष्ट मीटर. तीन हजारास साडेबासष्टाने भागा. उत्तर येते अठ्ठेचाळीस. धावपट्टीचे टोक दिसू लागल्यापासून तेथे पोहोचेपर्यंत वैमानिकाच्या हाती अठ्ठेचाळीस सेकंद! उतरण्याचा सर्वसाधारण कोन तीन अंशांचा असतो. त्या हिशेबाने तीन किलोमीटर दूर असताना विमान सुमारे दीडशे मीटर उंचीवर असते. एवढ्या अवधीत विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर आहे की बाजूस, उंची अधिक आहे की उणी, वेग योग्य आहे की नाही, हे सारे पाहावयाचे, दुरुस्त करावयाचे, आणि जमत नसेल तर तसा निर्णयही त्यातच करावयाचा. आम्ही घड्याळ लावून वर्गास अठ्ठेचाळीस सेकंद स्वस्थ बसविले. इतका शांत वर्ग आम्ही पूर्वी क्वचितच पाहिला असेल.

उघड्या डोळ्यांनी पाहून उतरावयाचे तर निदान पाच किलोमीटर दिसावे असा सर्वसाधारण नियम आहे. तो का, हे या गणितावरून ध्यानात येईल. मोठ्या विमानतळांवर 'इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम' नावाची योजना असते. जमिनीवरून दोन प्रकारच्या रेडिओलहरी सोडल्या जातात. एक विमानास उजवे-डावे सांगते, दुसरी वर-खाली सांगते. जणू आकाशात एक अदृश्य उतरंडीचा रस्ताच बांधलेला असतो. बारामतीस ही योजना नव्हती. परंतु ती असली म्हणजे सर्व काही साधले असेही नव्हे. १४ सप्टेंबर २०२३ रोजी सायंकाळी याच लिअरजेट ४५ जातीचे एक विमान विशाखापट्टणमहून मुंबईस आले. पाऊस मुसळधार, दृश्यता अवघी ७०० मीटर. मुंबईस सर्व साधने सज्ज होती. तरीही उतरताना विमान धावपट्टीच्या उजवीकडे वळले, आपटले, घसरत गेले व दुभंगले. आत आठ माणसे होती. सुदैवाने आठही वाचली. यंत्र वैमानिकास दारापर्यंत आणून सोडते. उंबरठा ओलांडताना त्यास अखेर स्वतःच्या डोळ्यांचाच आधार असतो.

हिवाळ्यातील सकाळ ही यासाठी विशेष फसवी. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन आपली उष्णता सोडून देते व तिजलगतची हवा थंड होते. वर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. वारा नसला म्हणजे हे झाकण हलत नाही. उसाच्या शेतांची व कालव्यांची वाफ, चुलींचा धूर, रस्त्यांची धूळ, सर्व त्याखाली कोंडून राहते. उभा मनुष्य वर पाहतो तो त्यास निळे आकाश दिसते, आणि वरून सरळ खाली पाहणाऱ्यास झाडेही दिसतात. परंतु तिरकस पाहणाऱ्यास त्या थराची सारी जाडी भेदून पाहावे लागते. उतरणारा वैमानिक तिरकसच पाहत असतो. आमच्या तलावाच्या बांधावर डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयानंतर उभे राहून पलीकडच्या तीराकडे पाहावे, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

या साऱ्या हकिकतीत आमचे मन पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी जाऊन थबकते. ते म्हणजे पहिली फेरी. धावपट्टी दिसली नाही, म्हणून ते विमान परत वर गेले. यास वैमानिक 'गो-अराउंड' म्हणतात. वृत्तपत्रांतून अशा वेळी 'उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला' असे छापून येते, व वाचणाराही तसेच समजतो. आमच्या मते हा शब्द अन्यायाचा आहे. शिकाऊ वैमानिकास पहिल्या धड्यांपासून पढविले जाते की, उतरणे व परत वर जाणे ही एकाच कृतीची दोन टोके होत, आणि यांपैकी कोणतेही टोक शेवटच्या क्षणापर्यंत हातातून सुटता कामा नये. दहा वेळा परत जाणारा वैमानिक अनाडी नव्हे.

हे म्हणावयास सोपे आहे. माणगंगेस पाणी आले असता फरशीच्या अलीकडे थांबलेली माणसे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पाणी गुडघाभर की कमरेएवढे, ते कोणास कळत नाही. पलीकडे घर दिसत असते, चुलीचा धूर दिसत असतो. कोणाची लग्नाची वेळ टळत असते, कोणाचे जनावर व्यायला झालेले असते. सकाळी निघताना कोणी बुडावयास निघालेला नसतो. जो गाडी वळवितो त्यास घरी गेल्यावर चार शब्द ऐकून घ्यावे लागतात, आणि त्या दिवशी पाणी वास्तविक गुडघाभरच होते असे पुढे निघाले, तर ते चार शब्द तो जन्मभर ऐकतो. विमानात बसलेले लोक बहुधा घाईचेच असतात. घाई नसती तर ते रस्त्याने गेले असते. माधवराव शिंदे २००१ साली कानपूरच्या सभेस जात असता लहान विमानाच्याच अपघातात वारले. सभेची वेळ, जमलेली माणसे, खाली उभ्या असलेल्या मोटारी, यांचे वजन कोणत्याही तराजूत दिसत नाही. परंतु ते विमानात चढलेले असते. बारामतीस त्या दिवशी तसे काही झाले असे आम्ही म्हणत नाही. ते म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही.

या अपघातानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक पालक आम्हांस भेटावयास आले. डाळिंबाचे बागाईतदार, दोन एकर बाग, स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. त्यांची कन्या आमच्या दहावीच्या वर्गात आहे. विमानाचा आवाज आला म्हणजे तिची मान सर्वांच्या आधी वळते, आणि विमान दिसेनासे झाल्यावर सर्वांच्या शेवटी परत येते. वैमानिक व्हावयाचे हे तिने आठवीतच ठरविले होते, व वडिलांनीही नातेवाइकांचा विरोध पत्करून होकार दिला होता. त्या दिवशी मात्र ते खुर्चीच्या कडेवर बसले व म्हणाले, "सर, पोरगी तुमचं ऐकती. तेवढं तिला समजावून सांगा की. त्या विमानात एक वैमानीण पण होती म्हणं. कुणाची तरी लेकच ती." मृत वैमानिकांपैकी एक तरुणी होती, हे खरेच होते.

आम्हांस तत्काळ काही सुचले नाही. अशा वेळी शिक्षकाने धीर द्यावा अशी अपेक्षा असते. परंतु ज्यात जिवाची जोखीम आहे त्यात काही जोखीम नाही असे बापास सांगणे हा धीर नव्हे. आम्ही त्यांस कॅप्टन सौदामिनी देशमुखांविषयी सांगितले. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या कलकत्ता ते सिलचर या फेरीत दोन्ही वैमानिक स्त्रिया होत्या. त्या विमानाच्या प्रमुख या देशमुखबाई होत्या. त्यांनी ऐकून घेतले, पण मुद्रा पालटली नाही. मग आम्ही त्यांस इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीची गोष्ट सांगितली. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच निघालेली एक शिकाऊ मुलगी, वय बावीस. तिचे लहानसे सेसना विमान शेतात कोसळले, आणि ती किरकोळ दुखापतीवर बचावली.

"शेतात?" ते म्हणाले. शेत म्हटल्यावर त्यांस ते दृश्य दिसू लागले असावे. "आणि वाचली?"

वाचली, आणि त्यास केवळ दैव हे कारण नव्हते. मुलीस बोलावून आम्ही तिच्याकडूनच गणित करविले. तसले लहान सेसना विमान माणसासह साडेसातशे किलोंच्या आत-बाहेर असते व ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपास वेगाने उतरते. लिअरजेट रिकामे असले तरी सहा टनांहून जड, आणि वेग दुपटीहून अधिक. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. वजन आठपट धरले तर चार गुणिले आठ. तिने पाटीवर बत्तीस हा आकडा लिहिला व वडिलांपुढे धरला. "म्हणून आबा, शिकवताना हळू चालणारं विमान देतात," ती म्हणाली. परवाना मिळण्यापूर्वी दोनशे तास उड्डाण करावे लागते, बारावीस गणित व पदार्थविज्ञान घ्यावे लागते, हेही तिनेच सांगितले. आम्हांस त्यात भर घालावी लागली नाही.

आबा बराच वेळ त्या पाटीकडे पाहत होते. आमची समजूत झाली की, आता ते उठतील. परंतु त्यांनी विचारले ते निराळेच.

"ते परत वर जातं म्हणता, सर, तर तेल पुरतं का तेवढं?"

सांगावयास आनंद वाटतो की, त्या साऱ्या आठवड्यात आम्ही ऐकलेला सर्वांत समंजस प्रश्न हाच होता. मोटारीच्या डिझेलचा व टँकरच्या खेपांचा हिशेब ज्याने दुष्काळात ठेवला आहे, त्यासच तो सुचावा. आम्ही सांगितले की, पुरेल असेच भरावे लागते. अशा जेट विमानाने जेथे जावयाचे तेथपर्यंतचे इंधन तर घ्यावेच. शिवाय तेथे उतरता न आल्यास दुसऱ्या नेमलेल्या विमानतळापर्यंत जाण्याचे, आणि तेथेही वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे आणखी, असा दंडक आहे. म्हणजे परत जाण्याची तरतूद निघण्यापूर्वीच केलेली असते.

"मग ते बरं हाय," आबा म्हणाले. टोपी डोक्यावर ठेवून ते उठले. मुलीने आशेने आमच्याकडे पाहिले, व मग त्यांच्याकडे.

"बघू," ते म्हणाले. "आधी दहावी होऊ दे. गणितात मागच्या वेळी किती पडले ते सांगितलं नाहीस अजून." मुलीने ते गुण आम्हांसमोरच सांगितले. ते शंभरात एक्याण्णव होते. गेलेले नऊ कशात गेले, हे विचारीत आबा तिच्यासह पटांगण ओलांडून फाटकाकडे गेले.